शेवटच्या नळाची टेस्ट कोण लिहिणार?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शहराच्या पाणीपुरवठ्यावर प्रकल्प घेतला, की काम साधारण ठरलेले असते. टाक्यांची उंची, पाइपांचे व्यास, वस्त्यांची मागणी गोळा करायची, ते सगळे एपानेट या सॉफ्टवेअरमध्ये भरायचे, रंगीत नकाशे काढायचे आणि ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा अहवाल, बांधून विभागात द्यायचे. आपल्याकडचे पाणी त्या सॉफ्टवेअरमध्ये नीट बसत नाही, म्हणून हुशार मुले थोडा स्वतःचा कोडही लिहितात. तोंडी परीक्षा झाली की तो कोड पेन ड्राइव्हसह कपाटात जातो आणि पुढच्या वर्षीचा गट तीच विहीर पुन्हा खणायला घेतो. हा कोड मूळ सॉफ्टवेअरमध्ये गेला पाहिजे, आणि जाताना त्याच्यासोबत टेस्ट (उत्तर बरोबर येते का हे आपोआप तपासणारा छोटा कोड) आणि लिखित माहिती गेली पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र.

एपानेट अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये पहिल्यांदा उपलब्ध केले. ते मोफत आहे, कोड खुला आहे, आणि त्याच्या गणिती गाभ्यावर आज ओपन वॉटर अ‍ॅनालिटिक्स हा ठिकठिकाणच्या अभियंत्यांचा समूह काम करतो. मात्र ते घडले चोवीस तास नळाला पाणी असणाऱ्या शहरांसाठी. पाइप कायम भरलेला आहे आणि मागितलेले पाणी प्रत्येक नोडला, म्हणजे पाइप जुळण्याच्या किंवा पाणी काढून घेण्याच्या बिंदूला, मिळतेच, असे त्याची मूळ पद्धत धरून चालते. सोलापुरात पाणी काही दिवसांआड सुटते. सुटल्यावर पहिला वेळ पाइपातली हवा बाहेर पडण्यात जातो. मग गल्लीतले हौद, बॅरल, गच्चीवरच्या टाक्या एकदम भरायला लागतात, आणि कुठे कुठे नळाला थेट मोटर लागते. अशा जाळ्याला जुन्या पद्धतीने गणित घातले, तर हद्दवाढ भागाच्या टोकाच्या नोडवर दाब उणे १२ मीटर (दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात) आणि त्याच नोडवर मागणी मात्र पूर्ण भागलेली, असे उत्तर येऊ शकते. उणे दाबाचा इशारा अहवालात छापला जातो, पण नकाशा रंगवताना तिकडे लक्ष जात नाही.

२०२० साली आलेल्या २.२ आवृत्तीत दाबानुसार पाणी देण्याची पद्धत मिळाली. नोडवर दाब कमी असेल तर पाणीही कमी, हे त्यात धरले आहे. हा आपल्या कामाचा बदल, पण त्यातही एक खड्डा आहे. पद्धत निवडली आणि ‘आवश्यक दाब’ भरायचा राहिला, तर सॉफ्टवेअर तो आपोआप ०.१ धरते. म्हणजे नळाला दहा सेंटिमीटर दाब मिळाला तरी पूर्ण पाणी मिळाले असे समजायचे. उत्तर जवळजवळ जुन्या पद्धतीसारखेच येते आणि मुलांना वाटते की नव्या पद्धतीने फारसा फरक पडत नाही. असे खड्डे पाणी अडत-अडखळत येणाऱ्या गावच्या माणसाच्या चटकन लक्षात येतात. ही नजर त्या सॉफ्टवेअरला हवी आहे, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे.

दुसरे उदाहरण धरणाचे. उजनी ‘वजा’ टक्क्यांत जाते हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी, त्याखाली मृत साठा सुमारे ६३ टीएमसी. वजा २० टक्के म्हणजे मृत साठ्यातले साडेदहा टीएमसीच्या वर पाणी उपसले गेले. जलाशयाचे सिम्युलेशन लिहिणाऱ्या परगावच्या माणसाने उपयुक्त साठा शून्याखाली जाऊ द्यायचा नाही अशी एक ओळ सहज टाकली असेल. त्याच्या दृष्टीने ती काळजी आहे, आपल्या दृष्टीने चूक. ती चूक ईमेलवर वाद घालून सुटणार नाही. वजा साठ्याची एक छोटी टेस्ट दिली तर सुटेल.

आता टेस्ट म्हणजे नेमके काय, हे सांगायला हवे, कारण ‘आमच्या मशीनवर चालले’ यालाच टेस्ट समजण्याची चाल आहे. हाताने गणित करून पडताळता येईल असे लहानात लहान उदाहरण घ्या. एक जलाशय, एक पाइप, एक नोड. पाइप १००० मीटर, व्यास ३०० मिलिमीटर, हेझन-विल्यम्स सूत्रातला गुणांक (पाइपाच्या गुळगुळीतपणाचा आकडा) १३०, प्रवाह सेकंदाला ५० लिटर. सूत्राने घर्षणातली हानी १.७८ मीटर येते. सॉफ्टवेअरचेही तेवढेच आले पाहिजे. एका आकड्यावर थांबू नका, कारण एक आकडा चुकीच्या सूत्रानेही गुणांक ओढूनताणून जुळवता येतो. प्रवाह दुप्पट करा. या सूत्रात प्रवाहाचा घातांक १.८५२ आहे, म्हणून हानी ३.६१ पट, म्हणजे ६.४३ मीटर व्हायला हवी. ती चौपट आली तर कुणीतरी घातांक २ लिहिला आहे.

दाबानुसार पुरवठ्याची टेस्टही अशीच साधी करता येते. किमान दाब ०, आवश्यक दाब २० मीटर, मागणी सेकंदाला १० लिटर. जलाशय नोडपेक्षा ५ मीटर उंच ठेवा आणि मधला पाइप मुद्दाम आखूड व जाड घ्या, १० मीटर लांब आणि ५०० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे घर्षण नगण्य राहते आणि नोडवर दाब ५ मीटरच मिळतो. या पद्धतीत पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मिळते. दाब चौथा हिस्सा, त्याचे वर्गमूळ अर्धे, म्हणून ५ लिटर पाणी मिळाले पाहिजे. मग कडा तपासा. १९.९ मीटरला ९.९७ च्या आसपास, २०.१ ला नेमके १०, आणि जलाशय नोडच्या एक मीटर खाली नेला तर शून्य. बिघाड बहुधा या कडांवरच लपलेले असतात.

शून्यापाशी एक वेगळी अडचण येते. संगणकातल्या अपूर्णांकांची बरोबरी ‘समान आहे का’ असे विचारून तपासू नये. तिथे ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ होत नाही, शेवटी कुठेतरी ४ उरतो. तोच कोड विंडोजवर आणि लिनक्सवर बिल्ड केला तरी शेवटचे अंक हलतात, आणि बेरजेचा क्रम बदलला तरी हलतात. म्हणून टेस्टमध्ये सूट ठेवावी लागते. फक्त टक्क्यांत ठेवलेली सूट शून्य प्रवाहाच्या पाइपावर फसते, कारण शून्याचा टक्का शून्यच. फक्त लिटरमध्ये ठेवलेली सूट मोठ्या जलवाहिनीवर अवाजवी कडक ठरते. दोन्ही ठेवावी आणि का ठेवली ते टेस्टशेजारी एका ओळीत लिहावे. टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास झाली, म्हणून सूट वाढवत नेणे हा या कामातला सर्वांत मोठा गुन्हा आहे असे आमचे मत आहे. त्याच्याखालोखाल दुसरा: जुनी संदर्भ-उत्तरे आणि नवी उत्तरे जुळेनात, की नवी उत्तरेच संदर्भ म्हणून साठवून टाकायची. बदल योग्य असेल तर संदर्भ जरूर बदलावा, पण कोणत्या नोडचा आकडा किती आणि कशामुळे बदलला हे पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्यावा या विनंतीत) लिहूनच.

काम पाठवण्याचा क्रम अवघड नाही. कोड उतरवून घेतल्यावर काहीही न बदलता आधीच्या सगळ्या टेस्ट चालवा. म्हणजे आधीपासून लाल असलेली टेस्ट आपल्या माथी येणार नाही. बिघाड दिसला तर इश्यू, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहा. आवृत्ती कोणती, विंडोज की लिनक्स, काय अपेक्षित होते, काय मिळाले, आणि बिघाड दाखवणारी दहा-पंधरा ओळींची इनपुट फाइल. चारशे नोडचे जाळे जोडून ‘उत्तर चुकते’ असे लिहिले तर ते कुणी उघडणार नाही, कारण तिकडची माणसे मोजकी आहेत आणि त्यातली बरीचशी आपला मोकळा वेळ देऊन हे करतात. मग वेगळी ब्रँच, म्हणजे बदल करण्यासाठी कोडची स्वतंत्र शाखा, काढा. आधी बिघाड पकडणारी टेस्ट लिहा, ती लाल होते हे डोळ्यांनी बघा, आणि त्यानंतरच दुरुस्ती. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल. एडिटरने आपोआप सगळ्या फाइलची मांडणी बदलली, की तीन ओळींची दुरुस्ती तीनशे ओळींच्या फरकात हरवते. सल्ले आले तर त्याच ब्रँचवर दुरुस्ती करून उत्तर द्यावे. महिनाभर कुणी बोलले नाही तर नम्रपणे एकदा आठवण करावी. इंग्रजी साधे, छोट्या वाक्यांचे असले तरी चालते. सशुल्क सॉफ्टवेअरमधला किंवा परवाना न लिहिलेला कोड उचलून देऊ नये. एपानेटचा हा कोड कुणालाही वापरू-बदलू देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली आहे, त्यात परक्याचा कोड मिसळला तर सगळ्यांनाच त्रास.

माहिती लिहिण्याच्या कामाला आपल्याकडे दुय्यम समजतात. मुलांपैकी ज्याला कोड येत नाही त्याच्या गळ्यात ते पडते. वास्तविक सिम्युलेशनमधल्या कितीतरी चुका कोडच्या नसून न लिहिलेल्या एककांच्या असतात. एपानेटच्या इनपुट फाइलमध्ये एककाची ओळ राहिली तर ते प्रवाह अमेरिकन गॅलनमध्ये, लांबी फुटांत आणि व्यास इंचांत वाचते. आपला ३०० मिलिमीटरचा पाइप ३०० इंचांचा होतो, हानी जवळजवळ नाहीशी होते, आणि साऱ्या शहराला मुबलक दाब दिसतो. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर याच जातीच्या गोंधळात गमावले गेले. एका प्रणालीने पाउंड-बल सेकंदात आकडे दिले, दुसरीने ते न्यूटन सेकंद समजून वाचले. म्हणून प्रत्येक फंक्शनच्या माथ्यावर चार गोष्टी हव्यात: आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक आकड्याचे एकक, काही न भरल्यास धरली जाणारी किंमत, हे गणित कुठे लागू होत नाही, आणि जसेच्या तसे चालवता येईल असे एक उदाहरण. ‘पाइप भरलेला धरला आहे, रिकामा पाइप भरण्याचा काळ यात येत नाही’ हे एक वाक्य ठळक लिहिलेले असते, तर कित्येक ब्लॅक बुकांतले निष्कर्ष वेगळे निघाले असते.

हीच माहिती मराठीतही हवी. ती महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याला आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याला उपयोगी पडावी अशी हवी, म्हणून त्यात हेड, प्रेशर, व्हॉल्व्ह, टाकी हेच शब्द असावेत. ‘जलशीर्ष’ लिहिले तर कामावरचा माणूस पान मिटेल. जाता जाता एक सूचना: फोल्डरचे नाव देवनागरीत असले तर विंडोजवर जुन्या धाटणीच्या सी कोडला फाइल सापडत नाही, असे घडते. ‘सोरेगाव’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवून चालवून पाहणे हीसुद्धा एक टेस्टच आहे, आणि ती आपणच लिहू शकतो.

शहराचे खरे जाळे मात्र कुठेही टाकू नये. पाकणीपासून निघणारी वाहिनी कुठून जाते, कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे, ही माहिती परवानगीशिवाय इंटरनेटवर ठेवण्याची नाही. बिघाड दाखवायला ती लागतही नाही. काल्पनिक पंधरा नोडचे जाळे बनवावे, त्यात तोच चढ, तीच आखूड वेळ, तीच टोकाची वस्ती ठेवावी. अडचण तेवढीच दिसते.

आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प विद्यार्थ्यांकडून ओपनफोम, डीडब्ल्यूसिम अशा खुल्या सॉफ्टवेअरवर काम करून घेतो, तपासतो आणि सर्वांसाठी खुले ठेवतो. त्यामुळे हे आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. सोलापूरच्या महाविद्यालयांनी प्रकल्पाच्या गुणांतला काही भाग पुल रिक्वेस्ट, टेस्ट आणि लिखित माहिती यांसाठी राखावा. पुल रिक्वेस्ट स्वीकारली गेलीच पाहिजे अशी अट नको, तो निर्णय दुसऱ्यांच्या हातात असतो. आलेल्या सल्ल्यांना विद्यार्थ्यांनी कसे उत्तर दिले ते बघावे. आणि तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षकांनी ब्लॅक बुक बाजूला ठेवून लॅपटॉप उघडायला सांगावा. सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत हे बघून झाले की कोडमधला १.८५२ काढून तिथे २ लिहायला लावावा आणि टेस्ट पुन्हा चालवायला सांगावे. त्यानंतरही पडदा हिरवाच राहिला, तर त्या टेस्टचे गुण देऊ नयेत.

कळावे,

जलवितरण आणि संगणकीय सिम्युलेशनचे काही अभ्यासक,
सोलापूर