‘आठ दिवसांत करतो’ म्हणाले, आणि नोटीस मला आली

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

परवा पोस्टमन नोटीस देऊन गेला. माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्याला वेळ नसतो हे ठाऊक आहे, पण पाच मिनिटं द्या.

एका सरकारी कार्यालयासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. नाव घेत नाही, नाहीतर दुसरी नोटीस यायची. सगळा कोड त्यांच्याच सर्व्हरवरच्या गिटलॅबमध्ये, म्हणजे कोड साठवायच्या प्रणालीत. त्या गिटलॅबमध्येच असं भोक होतं की ‘पासवर्ड विसरलात?’ तिथे एक ईमेल माझा आणि शेजारी एक चोराचा टाकला, की नव्या पासवर्डची लिंक दोघांनाही जायची. मला काही दाबावंही लागत नव्हतं. ११ जानेवारी २०२४ ला गिटलॅबच्या कंपनीने दुरुस्ती दिली. धोक्याचे गुण दहापैकी दहा! आमच्या पोरांना गणितात पडत नाहीत एवढे.

मी त्याच आठवड्यात कार्यालयाला ईमेल केला. उत्तर आलं, ‘आठ दिवसांत करतो.’ मग कळलं, अपडेट एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, बसत नाही. बरं, ओटीपीची दुसरी कडी तरी लावा म्हटलं, चोराने पासवर्ड बदलला तरी आत येणार नाही. साहेबांना दर वेळी मोबाईल काढायचा कंटाळा.

शेवटी कोणीतरी रात्री माझ्या खात्यातून शिरलं. लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आत आलं त्या नोंदीत, नाव माझं, म्हणून चोर मी! डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहिला होता, ही चूक माझी, कबूल. पण चार लाख वीस हजारांचं बिल अकरा महिने अडवलंय. बायकोच्या पाटल्या बँकेत आहेत, मुलाची फी दोनदा लांबवली. बीपीची गोळी सुरू झाली ती वेगळीच.

१ मे २०२४ ला आपण महाराष्ट्र दिनाची भाषणं करत होता, त्याच दिवशी अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने हे भोक ‘प्रत्यक्ष वापरलं जातंय’ या यादीत टाकलं आणि तिथल्या सरकारी खात्यांना तीन आठवडे दिले. आपल्याकडे सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २०२२ चा आदेश आहे, घटना सहा तासांत कळवा. सहा तास! फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जायला सहा दिवस लागतात, साहेब.

आणि हे एका कार्यालयाचं नाही. टेंडर एल-वनला, म्हणजे जो सर्वांत स्वस्त त्याला. अपडेटचे पैसे धरणारा महाग पडतो आणि बाहेर जातो. उद्घाटनाला फीत असते, पॅचला, म्हणजे असल्या दुरुस्तीला, नसते. भोक दाखवणाऱ्याला अभय देणारा साधा नियमही नाही, मग कोण सांगायला येईल?

नोटीस मागे घ्यावी, बिल काढावं, टेंडरमध्ये अपडेटची अट घालावी. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत सोमवारी संपते.

आपला,
एक कंत्राटदार, सांगली

ता. क. अपडेट झालं का, ते मी तपासलेलं नाही. तपासलं तर तोही गुन्हा.