गोळी थांबवतानाही डॉक्टरांना विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नैराश्यावरच्या गोळ्या सुरू कराव्यात की नाही, यावर हल्ली बरंच छापून येतं. थांबवायच्या कशा, यावर क्वचितच. तालुक्याच्या गावी माझं मेडिकल दुकान आहे, म्हणून लिहितोय.

बरं वाटायला लागलं की अनेकजण गोळी परस्पर बंद करतात. कुणाला घरचे म्हणतात, ‘सवय लागेल’. कुणाची स्ट्रिप गणपतीला गावी गेल्यावर संपते. मग दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, तुटक झोप, भलतीच स्वप्नं, विनाकारण चिडचिड. एक गृहस्थ मानेचा पट्टा मागायला आले. नजर बाजूला वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखं होतं म्हणे. बोलता बोलता कळलं, व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचं औषध आठवड्यापूर्वीच सोडलं होतं. पट्टा न देता त्यांना डॉक्टरांकडे धाडलं.

हे औषध शरीरातून झपाट्याने उतरतं, याच आजारावरचं पॅरॉक्सेटिनही तसंच. फ्लुओक्सेटिन मात्र कित्येक आठवडे रेंगाळतं, त्यामुळे त्याचा त्रास कमी आणि उशिरा. मूळ आजार उलटतो तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी. आणि त्यात असे झटके नसतात. शिवाय औषध पुन्हा सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत आराम पडला, तर तो बहुधा गोळी बंद केल्याचाच त्रास. हा फरक ठाऊक नसला की ‘आजार परत आला’ म्हणून माणूस हाय खातो.

‘लॅन्सेट सायकायट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या विश्लेषणानुसार औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्क्यांना झाला. म्हणजे थोडा भाग धास्तीचा असणारच. तीव्र त्रास शंभरात तिघांना. माझ्या मते तेवढेही पुष्कळ झाले, कारण त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा, आणि शेवटचे टप्पे सर्वांत सावकाश. वीस मिलिग्रॅमवरून दहावर येणं अनेकांना जमतं, पाचवरून शून्यावर येताना जड जातं. म्हणून डॉक्टरांना विनंती, पहिल्याच चिठ्ठीवर ‘स्वतःहून बंद करू नये’ एवढं मराठीत लिहावं. आम्हा दुकानदारांनीही स्ट्रिप कापून देताना गोळीचं नाव असलेला तुकडा गिऱ्हाइकाकडे जाईल असं बघावं. पुष्कळांना आपण काय घेत होतो हेच सांगता येत नाही. गोळी सुटल्यावर जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर थांबू नये; डॉक्टर गाठावा, नाहीतर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करावा.

आपला,
एक औषधविक्रेता, जि. सातारा