काका, अप्पांचा रेकॉर्ड प्लेयर नागपूरला धडधाकट पोचला

काका, नमस्कार.

काल रात्री ताईचा फोन आला. हॅलो पण म्हणाली नाही, मोबाईल सरळ स्पीकरजवळ धरला आणि सुई टेकल्यावर येते ना ती बारीक खरखर, ती ऐकू आली. मी गच्चीवर होतो, तिथंच खाली बसलो. अप्पा गेल्यापासून हा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.

तुम्ही म्हणलात नाव लिहू नको, म्हणून लिहीत नाही, पण आभार मात्र सगळ्यांसमोर मानायचेत, कारण वडिलांचे असे जुने सेट बऱ्याच घरांत माळ्यावर पडून आहेत आणि ते पाठवायचे कसे हे सांगणारं कुणी नसतं.

दोन महिन्यांपूर्वी अप्पांचा वाल्ववाला, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना ॲम्प्लिफायर मी स्वतः पॅक करून पुण्याला दुरुस्तीला पाठवला होता. सोलापूरचं घर, चादरींना काय तोटा, तीन चादरी गुंडाळल्या, वरून बबल रॅप, वरून खोका, आणि मला वाटलं आता याला काही होत नाही. पोचला तेव्हा दोन वाल्व फुटलेले आणि ट्रान्सफॉर्मरच्या वजनानं खालचा पत्रा वाकलेला. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. म्हणून रेकॉर्ड प्लेयरची वेळ आली तेव्हा हातच लावायची भीती वाटत होती आणि कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, की हे पूर्वी लाऊडस्पीकरचा धंदा करायचे, लग्नाच्या सीझनला मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट असं टेम्पोतून मशीन घेऊन फिरायचे.

मी परत चादरी घेऊनच आलो होतो. तुम्ही बघितलंत आणि म्हणलात, "हे काय करलालास? चादर ओरखड्यापासून वाचवती, दणक्यापासून नाही. एकदा दबली की परत फुगत नाही, मग आत जागा होती आणि वस्तू नाचायला लागती." माझ्या ॲम्प्लिफायरचं नेमकं तेच झालं होतं, आणि तोपर्यंत मला कुणी कारणच सांगितलं नव्हतं. वाल्व सॉकेटमधून काढून वेगळे पाठवायचे असतात हे पण तेव्हाच कळलं.

मग तुम्ही दीड तास जे केलंत ते मी नुसतं बघत बसलो. तुम्ही खोक्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, आधी मशीनच्या आत जे जे हलतं ते सगळं एकेक करून थांबवलंत. रबरी मॅट काढली, खालची जड प्लेट दोन्ही हातांनी सरळ वर उचलून काढली, कारण ती जागेवर राहिली तर प्रत्येक धक्का मधल्या दांड्यावर बसतो. आर्म म्हणजे सुई धरणारा दांडा, त्याच्या मागचं वजन सोडवलंत, सुईचं हेड काढून छोट्या डबीत ठेवलंत. आर्म त्याच्या स्टँडवर मऊ दोऱ्यानं बांधलात, आणि मी टेप पुढं केली तर "टेप नको, रंग निघतो, डिंक राहतो" म्हणलात. प्लेयर गॅरार्ड कंपनीचा, त्याचा डेक, म्हणजे प्लेट आणि आर्म बसवलेला भाग, स्प्रिंगवर तरंगतो, तो प्रवासासाठीच्या स्क्रूनी घट्ट बसवलात. ते स्क्रू कशाला असतात हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं! आणि बटण बंदवर आहे का ते दोनदा बघितलंत, कारण चालूवर राहिलं तर आतलं रबरी चाक दाबून राहतं आणि त्याला खड्डा पडतो, मग आयुष्यभर धडधड.

झाकण वेगळं, प्लेट वेगळी, आणि प्लेट कायम खोक्याच्या तळाला, मशीनच्या वर कधीच नाही. माझ्या चादरी नाहीत, पण एक जुना मऊ टॉवेल तुम्ही वापरलात, झाकण आणि बबल रॅपच्या मध्ये, बुडबुड्यांचे ठसे उमटू नयेत म्हणून. थर्माकोलचे सुटे दाणे मी आणले होते ते बाजूला ठेवलेत, ते मशीनमध्ये शिरतात म्हणून. त्याऐवजी थर्माकोलच्या पाट्या कापून घातल्यात. मग खोका, आणि त्या खोक्याला सगळ्या बाजूंनी, वर-खाली पण, २ इंच जागा सोडून दुसरा मोठा खोका. कोपऱ्यांना जास्त माल घातलात, पडताना पार्सल बहुतेक कोपऱ्यावरच पडतं म्हणून.

एवढं सगळं झाल्यावर आतला खोका कानाशी धरून हलवलात आणि कुठंतरी बारीक टक झालं. मला तर ऐकू पण आलं नाही. तुम्ही एक शब्द न बोलता सगळी टेप कापलीत, परत उघडलंत. ४५ च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डच्या मोठ्या भोकात बसवायची ती प्लास्टिकची चकती मोकळी राहिली होती. ती कागदात गुंडाळून चिकटवलीत आणि पहिल्यापासून परत पॅक केलंत. काका, तेवढ्यासाठी कोण उघडतं हो?

पैसे फक्त सामानाचे घेतलेत, तो विषय तुम्ही काढू देत नाही म्हणून इथं पण काढत नाही.

ताईला आत तुमची चिठ्ठी मिळाली, "आधी स्क्रू सोडा, मग दोरा कापा, वजन लावा, सुई शेवटी. घाईनं चालू करू नका." तिनं तसंच केलं. चिठ्ठी तिनं झाकणाच्या आत ठेवलीय आणि दोन्ही खोके पण जपून ठेवलेत, परत लागले तर.

आता ७८ च्या रेकॉर्ड राहिल्यात, लाखेच्या, चाळीसेक असतील. उभ्याच ठेवून आणतो, तुम्ही सांगितलं तसं, एकावर एक रचून नाही. सोमवारी संध्याकाळी पाचनंतर दुकानात असाल ना?