केशवराव परत उघडेल तेव्हा तारखा कुणाला मिळणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात नातवाला घेऊन खासबाग मैदानाकडून घरी येत होतो. दहा वर्षांचा आहे तो. केशवराव भोसले नाट्यगृहासमोर आल्यावर थांबला आणि म्हणाला, आजोबा, इथंच ती खुर्ची होती ना, आपण उठलो की आपोआप वर जाणारी? आग लागायच्या आधी एकदाच त्याला एका बालनाट्याला नेलं होतं, त्यातली नाटकाची गोष्ट विसरला, नट विसरला, पण खुर्ची लक्षात राहिली. मला फार वाईट वाटलं. त्याच्या वयाचा असताना मी त्या इमारतीत किती वेळा जाऊन आलो होतो ते बोटांवर मोजता येणार नाही, आणि ह्या पोराच्या वाट्याला एक खुर्ची आली. म्हणून हे पत्र लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कोल्हापुरातला कुठलाच नाटकवाला विसरणार नाही. जेवून हात धुतले होते आणि फोन आला, केशवराव पेटलंय. मी मंगळवार पेठेत राहतो, चालत निघालो तर लांबूनच आभाळ लाल दिसत होतं. गर्दीत ओळखीचे चेहरे होते, कुणी मेकअपवाला, कुणी तबलजी, कुणी नुसता प्रेक्षक, आणि सगळी मोठी माणसं लहान पोरासारखी रडत होती. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, म्हणजे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती. त्याच दिवशी नागपंचमी पण होती. ज्यांच्या नावानं नाट्यगृह त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री आतलं सगळं जळून गेलं, समोरची दगडी भिंत तेवढी उभी राहिली. मी सकाळी परत गेलो. ओल्या राखेचा वास अजून आठवतो मला, त्यात जळलेल्या कापडाचा वास होता, तो पडद्याचा असणार.

मी नट नाही हो. आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर काम केलं आणि संध्याकाळी हौशी नाटकांची लाईट केली, १९७७ पासून. वडील शाहू मिलमधे होते. ते पहिली पाळी करून आले की दाढी करताना नाट्यपदं म्हणायचे, शेजारच्यांच्या रेडिओवर सांगली केंद्र लागलेलं असायचं, त्यावर नाट्यसंगीत सुरू झालं की आई चुलीवरची भाकरी उतरवून दारात येऊन उभी राहायची. आमच्याकडं रेडिओ नंतर आला. वडिलांनी मला पहिल्यांदा नाटकाला नेलं ते बाल्कनीच्या तिकिटावर, सगळ्यात मागं. पडद्यामागनं नांदी सुरू झाली, ऑर्गनचा पहिला सूर आला आणि तो माझ्या पोटात घुमला. अगदी खरं सांगतो. मागच्या रांगेत बसलेल्या मिल कामगाराच्या पोराला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. पुढं मी तिथं काम करायला लागल्यावर दोनदा असं झालं की प्रयोगात माईक गेला आणि नटांनी आवाज नुसता थोडा मोकळा सोडला, प्रयोग तसाच पुढं गेला, बाल्कनीतून कुणी ओरडलं नाही. असं बांधकाम होतं ते.

आणि ते बांधलं होतं कुणासाठी हे महत्त्वाचं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ ला हे थिएटर पूर्ण केलं, तेव्हा नाव पॅलेस थिएटर. शेजारीच खासबागचं कुस्तीचं मैदान. महाराज १९०२ ला विलायतेला गेले तेव्हा रोममधलं जुनं गोल क्रीडागार बघून आले आणि त्यावरनं खासबाग सुचलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. एका बाजूला लाल माती, एका बाजूला रंगमंच, मधे एक भिंत. दुपारी मैदानात कुस्ती बघणारा माणूसच रात्री नाटकाला येऊन बसायचा, आमच्या तालमीतले पैलवान मी स्वतः नाट्यपदांवर मान डोलावताना बघितलेत. थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला तो पण ह्याच राजानं. गोविंदराव टेंबे ह्याच मातीतले, पेटीवाले आणि मानापमान ह्या संगीत नाटकाच्या चाली देणारे. गाणं, नाटक, कुस्ती ही ह्या गावात वेगवेगळ्या लोकांची करमणूक नव्हती, एकाच माणसाच्या आठवड्यात हे सगळं बसायचं.

केशवराव स्वतः पण गरीब घरातलेच. १८९० चा जन्म, अगदी लहान वयात नाटक कंपनीत गेले, शारदा नाटकात शारदेचं काम करून नाव झालं, १९०८ ला स्वतःची ललितकलादर्श नाटक कंपनी काढली, तेव्हा वय किती, सतरा-अठरा. ८ जुलै १९२१ ला मुंबईत संयुक्त मानापमान झालं, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर, टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन कंपन्यांचे दोन मालक, एकमेकांचे स्पर्धक म्हणून लोक ज्यांच्यावरनं भांडायचे, ते एका कामासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधे केशवराव गेले. एकतीस वर्षं फक्त. मला हे आठवलं की दर वेळी गलबलून येतं, काय काय करून गेला माणूस आणि किती थोडक्या वेळात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नाट्यगृह परत उभं करायचं काम हाती घेतलंय, त्यासाठी ज्यांनी ज्यांनी धडपड केली त्या सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे बोलतात ते दगडाबद्दल, छताबद्दल, एसीबद्दल, खुर्च्यांबद्दल. पण उघडल्यावर त्याच्या तारखा कुणाला मिळणार ह्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला रात्री झोप लागत नाही ती ह्या विचारानं.

कारण आगीच्या आधीपासून चाललेलं मी बघत आलोय. शनिवार-रविवार म्हणजे सत्कार, मेळावे, शाळांची गॅदरिंग, कंपन्यांचे कार्यक्रम. तेही व्हावेत, गावाला हॉल लागतोच, शाळेतली पोरं त्या रंगमंचावर उभी राहिली तर मला आनंदच आहे. पण हौशी संस्थेला मग मंगळवार नाहीतर बुधवार मिळतो, आणि मंगळवारी रात्री कामावरनं आलेला माणूस नाटकाला येत नाही, मग तिकीट खपत नाही, मग भाडं अंगावर येतं, मग पुढच्या वर्षी ती संस्था नाटकच बसवत नाही. आमची संस्था अशीच बंद पडत आलीय. आगीनंतर तर हालच आहेत. एका दुसऱ्या गावातल्या हॉलची तारीख आम्ही दोन महिने आधी पैसे भरून घेतली, प्रयोगाच्या चार दिवस आधी फोन आला की त्या दिवशी कुणाचा तरी सत्कार ठरलाय, तुम्ही नंतर बघा. पैसे परत दिले त्यांनी. पण सेटचा टेम्पो ठरला होता, पुण्याला नोकरीला असलेल्या पोरीनं रजा टाकली होती, सहा आठवडे रोज रात्री दहापर्यंत तालीम झाली होती, ते कोण परत देणार? ती पोरगी त्यानंतर आमच्यात आली नाही आणि मी तिला ये म्हणू शकलो नाही.

हौशी नाटक म्हणजे काय असतं ते आज तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडं सुरवातीला दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचे डिमर नव्हते, भाड्यानं आणायला पैसे नव्हते. मग मिठाच्या पाण्याचे डिमर करायचे. मातीचा पाईप नाहीतर बरणी, त्यात मिठाचं पाणी, आत दोन पत्रे, एक पत्रा दोरीनं हळूहळू खाली सोडला की दिवा उजळतो आणि वर ओढला की मंद होतो. दोन अंकी नाटक होईपर्यंत पाणी गरम होऊन वाफा यायच्या, आणि शॉक बसू नये म्हणून मी लाकडी पाटावर उभा असायचो. स्पॉट डालडाच्या डब्याचे, उद्यमनगरात मीच पत्रा कापून बनवलेले, पुढं रंगीत जिलेटीन पेपर लावायचा. पहाटेचा सीन असला की निळा आणि अंबर एकमेकांत मिसळायचे, निळा उतरतोय आणि अंबर चढतोय हे प्रेक्षकाला कळता कामा नये, दोन्ही दोऱ्या दोन हातात धरून श्वास रोखून करायचं. एकदा कामगार कल्याणच्या स्पर्धेत ती पहाट अशी जमली की ब्लॅकआऊटनंतर बाल्कनीतून टाळी आली, वाक्याला नव्हे, लाईटला. बाल्कनीत वडील बसले होते. घरी येताना काही बोलले नाहीत, कोपऱ्यावर दूध घेतलं आम्ही दोघांनी आणि त्यांनी माझे पैसे देऊ दिले नाहीत.

हे सगळं करायला आम्हाला ती जागा मिळाली म्हणून झालं. राज्य नाट्य स्पर्धा साठीच्या पुढं गेलीय, तिचं कोल्हापूर केंद्र म्हणजे आमच्यासाठी दिवाळीनंतरची दुसरी दिवाळी. कुणी शिक्षक, कुणी बँकेतला, कुणी फाउंड्रीतला, महिनाभर एकमेकांची नाटकं बघायची, चुका काढायच्या, दुसऱ्या संस्थेचा सेटचा फ्लॅट, म्हणजे कापड लावलेली चौकट, फाटला तर आपला द्यायचा. आता हे पर्यायी हॉलमधे चाललंय आणि पोरं मनापासून करतायत, पण विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात, दोन माणसं एकावेळी उभी राहू शकत नाहीत अशा ठिकाणी मोठं नाटक बसवायचं धाडस कोण करणार, आपोआप दोन पात्रांची नाटकं निवडली जातात. जागा बदलली की नाटक बदलतं, हे मी डोळ्यांनी बघतोय.

कुणी म्हणेल आता टीव्ही आहे, मोबाईल आहे, कोण येतंय नाटकाला. मी टीव्हीच्या विरोधात नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं, आमच्या गल्लीत टीव्ही यायला बरीच वर्षं गेली, आल्यावर एका घरात तीस माणसं बसायची आणि ती पण एक प्रकारची बाल्कनीच होती. १९८७ ला रविवारी सकाळी रामायण मालिका लागायला लागली तेव्हा आमच्या तालमीला कुणी येईना, आम्ही तालीम अकराला ठेवली, बस, प्रश्न मिटला. टीव्हीनं नाटक मारलं असं मला कधी वाटलं नाही. टीव्हीवर बघितलेल्या नटाला प्रत्यक्ष बघायला म्हणून कितीतरी घरं पहिल्यांदा केशवरावला आली हे मी गेटवर उभं राहून बघितलंय. सून आता मोबाईलवर मालिका बघते, मुलगा वेगळं काहीतरी बघतो, नातू तिसरंच, एकाच खोलीत तिघांच्या कानात तीन वायरी. मी त्यांना नावं ठेवत नाही, दमलेली असतात. पण गावात चांगलं नाटक लागलं आणि परवडणारं तिकीट मिळालं तर हीच तिघं माझ्याबरोबर येतात, आलेली आहेत. प्रेक्षक गेलेला नाही, त्याला रविवारची संध्याकाळ आणि झेपेल असं तिकीट पाहिजे.

म्हणून ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे. नाट्यगृह उघडायच्या आधी तारखांचा नियम लिहून काढा आणि दारावर लावा. महिन्यातले निदान दोन रविवार फक्त नाटकाला आणि संगीताला, त्यातला एक हौशी संस्थांना, कमी भाड्यात, आणि दिलेली तारीख कुणासाठीही काढून घ्यायची नाही, कितीही मोठा माणूस असला तरी. रंगीत तालमीला आदल्या दिवशी अर्धा दिवस रंगमंच द्या, नाहीतर लाईट कशी लावायची आम्ही, प्रयोगाच्या दिवशी चारला टेम्पो आणि नऊला तिसरी घंटा ह्यात नीट काम होत नाही. बाल्कनीच्या मागच्या चार रांगा स्वस्त ठेवा, कायमच्या, शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी आणि आमच्यासारख्यांसाठी. शाहू महाराजांच्या राज्यात मागच्या रांगेतल्या माणसाला ऐकू यावं म्हणून एवढा विचार झाला, मग आजच्या मागच्या रांगेतल्या माणसाला तिकीट परवडावं एवढा विचार आपण करू शकतो.

अजून एक. आवाजाची पहिली चाचणी स्पीकर लावून घेऊ नका. एका गायकाला किंवा गायिकेला रंगमंचावर मधोमध उभं करा, साथीला फक्त ऑर्गन आणि तबला, आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत चार म्हातारे बसवा ज्यांनी जुनं केशवराव ऐकलंय. ते सांगतील जमलंय की नाही. असे लोक अजून आहेत गावात, पण दर वर्षी एखाद-दुसरा कमी होतोय, तेव्हा लवकर विचारा.

माझ्याकडं पोटमाळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, त्यात डालडाच्या डब्याचे दोन स्पॉट आणि जिलेटीनचे जुने कागद आहेत, निळा थोडा फाटलाय पण अंबर चांगला आहे. नवीन नाट्यगृहात कुठं कोपऱ्यात ठेवणार असाल तर मी आणून देतो. आणि लाईट शिकायची कुणा पोराला इच्छा असेल तर संध्याकाळी सहानंतर मी मोकळा असतो.

आपला नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर