टब नको म्हणालं ते घर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

"उघडलंस की नाही एकदाचं?" हे तुझं पत्र येऊन महिना झाला. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून उत्तर टाळत होते. आता आहे. सोमवारपासून त्या जुन्या घरात मालिशच्या दोन खोल्या सुरू झाल्या. हो, दोनच. आणि तुला कागदावर काढून दाखवलेला तो गरम पाण्याचा टब, तो नाहीच.

वरच्या मजल्यावरचा खिडक्यांचा दिवाणखाना आठवतो ना? टब तिथेच बसवायचा, हे मी घर बघितलं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. इंजिनिअर आला, तुळईवर बोटांनी टकटक केलं आणि हिशेब मलाच करायला लावला. १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो. पाऊण मीटर खोल टब भरला की दर चौरस मीटरला ७५० किलो, वर आत बसणारी माणसं वेगळी. राहत्या घराचा मजला आजही साधारण १५० ते २०० किलो धरून बांधतात. इथे तर तुळई दीडशे वर्षांची, तीही एका टोकाला वाळवीने पोखरलेली. मी वही मिटली.

वाफेची खोलीही गेली. भिंती चुन्याच्या आहेत. चुना ओल घेतो आणि सोडतो, त्यावरच त्या इतकी वर्षं टिकल्यात. मागे कुणीतरी एका भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता, तर ओल आत कोंडून नेमक्या त्याच भिंतीच्या विटा भुसभुशीत झाल्या. सगळा गिलावा उतरवून पुन्हा चुना केला. त्याला घाई चालत नाही: हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो हळूहळू पुन्हा दगड होत जातो, आणि भरकन वाळला तर तडकतो. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मी भिंतीवर पाणी मारत होते. अशा भिंतीत रोज वाफ सोडायची कल्पना तेव्हाच मेली.

घर वारसा यादीत असल्यामुळे परवानग्यांचे कागद किती झाले ते सांगून तुला पिडत नाही. आमच्या वास्तुविशारद बाईंचं मात्र पटलं. ऑस्ट्रेलियातल्या बरा (Burra) गावी १९७९ मध्ये पहिल्यांदा स्वीकारलेल्या, जुन्या वास्तू जपण्याच्या सनदेचा हवाला देऊन त्या म्हणायच्या, लागेल तेवढं करा, पण होईल तितकं कमी करा. म्हणून खोल्यांमधल्या आडभिंती नुसत्या उभ्या केल्यात. उद्या काढल्या तर खालच्या फरशीवर ओरखडासुद्धा दिसणार नाही.

सगळ्यात जास्त घाबरवलं ते टॉवेलांनी. हसू नकोस. मालिशचं तेल धुतल्यावरही कापडात थोडं उरतं. टॉवेल ड्रायरमधून गरम काढून तसेच रचून ठेवले की उरलेल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन आतल्या आत उष्णता साठत जाते आणि काडी न लावता गठ्ठा पेटू शकतो. लाकडी छताखाली! आता कपडे धुण्याचं काम मागच्या दगडी शेडमध्ये हलवलंय. टॉवेल पूर्ण गार होईपर्यंत पसरून ठेवायचे, हा नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून लावलाय.

पाण्याचंही तसंच. कुठेच न जाणारे जुने नळ प्लंबरने मुळापासून तोडले, कारण कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढतो. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवतो. बाहेरच्या पाटीवर फक्त "मालिश" लिहिलंय. "वेलनेस" लिही म्हणून सगळे मागे लागले होते, पण पाठदुखी बरी करण्याचं आश्वासन मी देणार नाही. तासभर कुणी त्रास देणार नाही, एवढं देऊ शकते.

पण तेवढंही सोपं नाही. वरच्या लाकडी जमिनीवर मांजर चाललं तरी खाली ऐकू येतं. म्हणून मालिश चालू असताना वर कुणी हलायचं नाही, हा नियम मीच केला आणि आज मीच त्यात सापडले. टब बसणार होता त्याच खिडकीपाशी हिशेबाची वही घ्यायला आले, तेवढ्यात खाली दार लागलं. पाऊण तास झाला, खुर्चीत बसून आहे. पायात मोजे आहेत, तरी धीर होत नाही. अजून पंधरा मिनिटं उठता येणार नाही, म्हणून तर पत्र इतकं लांबलं.

तुझीच,
मी