माइल्स कंपनीचा इतिहास उड्डाणशाळेपासून सांगावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील माइल्स एअरक्राफ्ट या विमान कंपनीचा उल्लेख माझ्या वाचनात जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तो बहुतेक वेळा ध्वनीपेक्षा वेगाने उडण्यासाठी आखलेल्या आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये सरकारने रद्द केलेल्या 'एम ५२' या विमानापुरताच होता. त्या प्रकल्पाचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु जी कंपनी एका उड्डाणशाळेच्या आवारात वाढली, तिची ओळख कधीही न उडालेल्या विमानावरून व्हावी, हे मला अन्यायाचे वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

रेडिंग शहरात मोटारसायकलींच्या व्यवसायात असलेल्या फिलिप्स आणि पोविस या भागीदारांनी जवळच्या वुडली येथे विमानतळ उभारला आणि तेथे विमाने विकण्याचा व उड्डाण शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे दोन्ही पाय गमावूनही लढाऊ वैमानिक म्हणून गाजलेल्या डग्लस बाडर यांचा १४ डिसेंबर १९३१ चा अपघात याच मैदानावर झाला. तिकडे दक्षिण किनाऱ्यावरील शोरहॅम येथे फ्रेडरिक माइल्स यांनी सेसिल पॅशली या जुन्या, अनुभवी प्रशिक्षकाबरोबर उड्डाण शिकवण्याचे काम आधीच हाती घेतले होते. तेथे शिकायला आलेल्या मॅक्सीन ऊर्फ ब्लॉसम या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. त्या नटवर्य सर जॉन्स्टन फोर्ब्स-रॉबर्टसन यांच्या कन्या आणि मुंबई प्रांताचे गव्हर्नर राहिलेल्या लॉर्ड विलिंग्डन यांच्या पूर्वाश्रमीच्या सूनबाई. १९३२ मध्ये फ्रेडरिक व ब्लॉसम यांचा विवाह झाला आणि लवकरच हे दांपत्य वुडलीला फिलिप्स आणि पोविस यांच्या कंपनीकडे आले; हीच पुढे माइल्स एअरक्राफ्ट झाली.

त्यांनी आखलेले 'हॉक' हे विमान २९ मार्च १९३३ रोजी प्रथम उडाले. हलक्या विमानांत दोन मजली पंखांची चलती असताना हॉकला खाली बसवलेला एकच पंख होता आणि त्याला बाहेरून तारांचा किंवा टेकूंचा आधार नव्हता. सांगाडा लाकडी होता, आणि सिरस इंजिनांचा एक साठा स्वस्तात मिळाल्यामुळे किंमत ३९५ पौंडांवर ठेवता आली. आराखडे काढणे आणि कोणत्या भागावर किती ताण येईल याची गणिते मांडणे यांत ब्लॉसम यांचा बरोबरीचा वाटा होता. तरीही कंपनीच्या यशाचे श्रेय देताना अनेकांना केवळ श्रीयुत माइल्स आठवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझ्या म्हणण्याचा गाभा मात्र पुढे आहे. १९३५ मध्ये हवाई दलाच्या राखीव वैमानिकांना शिकवण्याचे कंत्राट या कंपनीला मिळाले आणि त्या वर्गासाठी हॉकमध्येच फेरफार करून 'हॉक ट्रेनर' तयार झाले. त्यातूनच मार्च १९३७ मध्ये 'मॅजिस्टर' उडाले. त्या सुमारास हरिकेन आणि स्पिटफायर ही एकपंखी लढाऊ विमाने आकाराला आली होती, पण नवशिक्यांचे पहिले धडे अजून द्विपंखी विमानांवरच होत होते. ही तफावत मॅजिस्टरने भरून काढली. त्यात उतरताना वेग आवरण्यासाठी पंखाला फ्लॅपही होते, म्हणजे पुढे वेगवान विमानात जे हाताळायचे त्याची सवय विद्यार्थ्याला पहिल्याच पायरीवर लागत होती.

हे विमान निर्दोष जन्मले असे मात्र नव्हे. गिरकीत सापडल्यावर ते सावरणे अवघड जाई, आणि शिकाऊ वैमानिकाच्या हाती द्यायच्या विमानात याहून गंभीर दोष क्वचितच असेल. शेपटाची रचना बदलून, सुकाणू उंच करून हा दोष घालवण्यात आला. कारखान्यातून निघालेले विमान त्याच मैदानावरचे प्रशिक्षक विद्यार्थ्यांसह रोज उडवत आणि आखणी करणारे दांपत्य स्वतः वैमानिक होते. अशा ठिकाणी तक्रार कागदावरून फिरत बसत नाही, ती त्याच दिवशी कानावर पडते. मॅजिस्टर तेराशेच्या आसपास बांधली गेली आणि 'मॅगी' या लाडक्या नावाने असंख्य वैमानिकांच्या आठवणीत राहिली. ही कमाई मला त्या शेजाराचीच वाटते.

१९४३ मध्ये कंपनीला माइल्स यांचे नाव मिळाले आणि त्याच वर्षी तंत्रशिक्षणाची शाळाही निघाली, तिची धुरा ब्लॉसम यांनी वाहिली. युद्धानंतर मात्र नाना प्रकारच्या विमानांबरोबर बॉलपेनांपर्यंत पसरलेला व्याप पेलवला नाही. १९४७ मध्ये कंपनी आर्थिक अडचणीत बुडाली आणि तिचा विमान विभाग हँडली पेज कंपनीकडे गेला. वुडलीच्या मैदानावर आज घरे आहेत, शेजारी बर्कशायरच्या विमानविद्येचे एक छोटे संग्रहालय आहे.

आपल्या वृत्तपत्रात विमानविद्येवर लेख प्रसिद्ध होतात, तेव्हा लेखकांना माझी विनंती आहे की, या कंपनीविषयी लिहिताना एम ५२ च्या आधी मॅजिस्टरला आणि फ्रेडरिक यांच्या शेजारी ब्लॉसम यांना जागा द्यावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक