मा. पशुसंवर्धन मंत्र्यांस खुले पत्र : पोळ्याच्या तोरणाखाली कबूल केलेला डॉक्टर कुठे आहे?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मागच्या पोळ्याला आमच्या गावच्या तोरणाखाली एका मोठ्या अधिकाऱ्यांनी माइकवरून सांगितलं, पुढचा पोळा यायच्या आत इथल्या जनावरांच्या दवाखान्याला पूर्णवेळ डॉक्टर मिळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंदाचा पोळा होऊन गेला. डॉक्टर आले नाहीत आणि पोळ्याच्या पाठोपाठ माझ्या जोडीतला एक बैल गेला.

गवळाऊ जातीचा होता, आर्वीकडून आणलेला. कोवळा चारा जास्त झाला आणि संध्याकाळी डावी कूस फुगून वर आली. अशा वेळी डॉक्टर त्या कुशीत नळी घालून वायू मोकळा करतात, काही मिनिटांचं काम. दवाखान्याला कुलूप. ज्यांच्याकडे चार्ज आहे त्यांच्याकडे आणखीही दवाखाने आहेत, ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांना मी दोष देत नाही, एका माणसानं जनावरांचे किती कोठे फिरायचे? आम्ही गोडेतेल पाजलं, तोंडात आडवी काडी बांधली, अंगणात चालवत राहिलो. रात्री तो बसला तो उठलाच नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या सासूबाईंनी त्याचे खांदे तूप-हळदीनं शेकले होते, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून. आता त्या कोठ्याकडे जात नाहीत. उरलेला बैल वैरणीला तोंड लावत नाही. रब्बीची वखरणी भाड्याच्या जोडीवर करावी लागणार, सोसायटीचं कर्ज जसंच्या तसं आहे, आणि नवी जोडी घ्यायची म्हटलं तर कोणत्या पैशानं? हे सगळं एका कुलपामुळे.

पण हे पत्र फक्त माझ्या बैलासाठी नाही. मी गावोगाव जाऊन जनावरांच्या बाजूनं बोलते. खांदे सुजून आलेल्या बैलाला जू लावू नका, हाकायच्या काठीला, तुतारीला खिळा ठोकू नका, हे सांगताना माझा घसा बसतो. कास्तकार ऐकतो आणि विचारतो, बाई, म्हाताऱ्या बैलाचं काय करू? २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे. बंदी आणणाऱ्यांनी त्याच्या वैरणीचा खर्च कोण करणार हे ठरवलं नाही, तो कास्तकाराच्या गळ्यात पडला. २०२४ च्या सप्टेंबरात सरकारनं गोशाळेतल्या देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये मंजूर केले. गाईचं भलं होवो. पण तीच भाकड गाय कास्तकाराच्या कोठ्यात उभी असेल तर तिला एक रुपया नाही. मग प्राणीप्रेम म्हटलं की कास्तकार पाठ फिरवतो, आणि ज्याच्या हातात जनावराचा कासरा आहे तोच आमच्यापासून तुटतो. हमरस्त्यावर जनावरांचा ट्रक अडवला की फोटो येतो. ज्या कोठ्यात जनावर रोज सोसतं तिथं कोणी येत नाही.

आणि कोंबड्या? २०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंश १९ कोटी होता आणि कोंबड्या-बदकं ८५ कोटींच्या वर. अंड्याच्या कोंबडीला पिंजऱ्यात एका ए-फोर कागदाएवढीही जागा मिळत नाही, पंख पसरणं दूरच. विधी आयोगानं २०१७ मध्ये याच विषयावर २६९ क्रमांकाचा अहवाल केंद्राला दिला. पिंजरे आहेत तिथेच आहेत. माझ्या दिराचं कोंबड्यांचं कंत्राटी शेड आहे, पक्षी कंपनीचे, सांभाळ त्याचा. मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली, पंखे बंद, गारव्यासाठी पाणी फवारणारे फॉगर बंद. पक्षी चोच वासून धापा टाकत एकमेकांवर पडून मेले. कंपनीनं नुकसान त्याच्या बिलातून कापलं. दहा गाई मेल्या असत्या तर जिल्ह्याचे पत्रकार आले असते. इथं आम्ही खड्डा खणला, चुना टाकला, विषय संपला.

शहरातल्या संस्थांनाही माझं हेच सांगणं आहे. एका कुत्र्याच्या उपचारासाठी तुम्ही रात्रभर जागता, त्याचा मान ठेवूनच बोलते. पण तोच पैसा कुठे लावला तर किती जिवांचं दुःख कमी होईल, हे कधी मोजलंत का? शेडवर फॉगरसाठी बॅटरी बसवली, बाजारात ढोरांसाठी सावली आणि पाणी केलं, तर कास्तकारही तुमच्या बाजूनं उभा राहील. तो बाजूनं आल्याशिवाय पत्रकं छापून काही होत नाही.

कायदे कमी आहेत असं नाही. १९६५ च्या नियमात लिहिलंय की ३७ अंशांच्या वर तापमान असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर गाडीला जुंपायचं नाही. अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ पार जातो आणि भर उन्हात शेणखताच्या, रेतीच्या गाड्या चालू असतात. हा नियम आमच्या तलाठ्याला, पोलीस पाटलाला कोणी सांगितला? २००१ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. आमच्या गावात तिचं नाव कोणी ऐकलेलं नाही. आणि १९६० च्या कायद्यात छळाच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये! पन्नास रुपयांत दोन किलो सरकी ढेप येत नाही. एवढीच किंमत आहे का त्यांच्या सोसण्याची? तुम्ही मंत्री बदलता, पक्ष बदलता, पोळ्याला झूल घातलेल्या बैलाशेजारी उभे राहता, आणि हा आकडा साठ वर्षांहून जास्त काळ तसाच राहतो. मतदार यादीत बैल नाही म्हणून का?

नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ आहे, दरवर्षी तिथून डॉक्टर बाहेर पडतात. मग आमच्या दवाखान्याला कुलूप कशासाठी? पशुधन विकास अधिकाऱ्यांची रिक्त पदं भरा. भरेपर्यंत चार्जवरच्या डॉक्टरांचे वार ठरवा, त्यांचा फोन दारावर लिहा, आणि रात्रीच्या वेळी कोणाला बोलवायचं तेही लिहा. उन्हाळ्याआधी दुपारच्या जुंपणीचा नियम ग्रामसभेत वाचून दाखवायचा आदेश काढा. म्हातारं जनावर घरी पोसणाऱ्यालाही गोशाळेइतकंच अनुदान द्या. केंद्राकडे दंडाचा आणि पिंजऱ्यांचा विषय राज्याच्या नावानं लेखी मांडा.

तुमच्या कार्यालयाकडून ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव पाठविला आहे’ असं उत्तर येऊ देऊ नका. डॉक्टर कोणत्या तारखेला रुजू होणार, ती तारीख कळवा.

आपली,
एक कास्तकारीण, वऱ्हाड